वळणावर मागच्या चाकांतून येणारी घरघर: बेअरिंग, टायर की आणखी काही?

घाटकरी:

नमस्कार. माझ्याकडे २०१७ मधील पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे. गाडी ८१,००० किलोमीटर धावली आहे. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध बीम आणि ड्रम ब्रेक आहेत, टायर १६५/८० आर १४ मापाचे आहेत आणि सीएनजीची टाकी डिकीत बसवलेली आहे. चिपळूण-कऱ्हाड हा माझा नेहमीचा रस्ता असल्यामुळे कुंभार्ली घाटातील वळणे आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे हे दोन्ही या गाडीच्या वाट्याला भरपूर आले आहेत.

गेल्या पावसाळ्यापासून मागच्या बाजूने दोन वेगवेगळे आवाज येऊ लागले आहेत. पहिला आवाज म्हणजे 'घूं' अशी सलग घरघर. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ती सुरू होते आणि वेगाबरोबर तिची पट्टी चढते. सरळ रस्त्यावर ती मंद असते, उजवीकडे वळताना स्पष्टपणे वाढते आणि डावीकडे वळताना जवळजवळ नाहीशी होते. दुसरा आवाज अगदी कमी वेगातला आहे. फाटकातून आत वळताना किंवा गतिरोधकावर गाडी तिरकी चढली की मागून एकदाच 'टक' असे ऐकू येते. तो प्रत्येक वेळी येतोच असे नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी गाडी न चालवता, केवळ माझे वर्णन ऐकून, मागच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंग (ज्यातल्या गोट्यांवर चाक फिरते ते कडे), दोन्ही शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) आणि चारही टायर बदलावे लागतील असे सांगितले. खर्चाची तयारी आहे, परंतु नेमके काय बिघडले आहे हे कळल्याशिवाय एवढे भाग बदलणे मला पटत नाही. आवाजाचे मूळ शोधण्यासाठी कोणत्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात? त्यांपैकी घरी करता येण्याजोग्या कोणत्या आहेत? तसेच, घरघर होत असताना घाटातून गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे?

उद्यमनगरी:

घाटकरी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. गाडी पुन्हा घाटात नेण्यापूर्वी चारही चाकांचे नट पान्याने तपासा. ढिल्या नटांमुळेही वळणावर टकटक आणि घरघर होते आणि अशा वेळी बाकीचे निदान करत बसण्याइतका अवकाश नसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत हे नट ८५ ते ११० न्यूटन-मीटरपर्यंत कसायचे असतात; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. नट घट्ट असतील, चाक हाताने हलवल्यावर लटपटत नसेल आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला नसेल, तर चाचणीपुरती गाडी सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने चालवायला हरकत नाही. मात्र घरघर दिवसेंदिवस वाढत असेल तर घाट टाळावा.

आता मूळ मुद्दा. भाग बदलण्याआधी आवाज कशाबरोबर बदलतो हे शोधले पाहिजे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली पाहिजे. बेअरिंग, शॉकअप आणि टायर एकदम बदलले तर आवाज कदाचित जाईल, पण तो कशाने गेला हे कोणालाच कळणार नाही आणि चांगले भाग भंगारात जातील.

पहिली चाचणी इंजिनाची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० चा वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन सुरूच ठेवून ती आपोआप मंदावू द्या. इंजिन अजिबात बंद करू नका, कारण त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात; घाटाच्या उतारावर तर ही चाचणी मुळीच करू नये. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर न उतरता गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर इंजिन आणि क्लच बाजूला ठेवता येतात आणि चाके, टायर, बेअरिंग व ब्रेक एवढेच उरतात.

दुसरी चाचणी रस्त्याच्या पृष्ठभागाची. एकाच वेगाने आधी गुळगुळीत डांबरावर आणि मग काँक्रीटवर चालवा. टायरचा आवाज पृष्ठभागाबरोबर ठळकपणे बदलतो, खराब बेअरिंगचा आवाज फारसा बदलत नाही. काँक्रीटचा स्वतःचाच आवाज मोठा असल्यामुळे काचा बंद ठेवून मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा आणि आवाज लहानमोठा होतो का, एवढ्यावर न थांबता त्याची जात बदलते का, हे ऐकायला सांगा.

त्यानंतर टायरना हात लावा. पुढच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत मागच्या टायरवर वजन कमी असते आणि अनेक जण त्यांची पुढे-मागे अदलाबदल करतच नाहीत. मग नक्षीतील प्रत्येक गट्टूची एक कड झिजते आणि दुसरी उंच राहते. नुसत्या डोळ्यांना टायर चांगला दिसतो, परंतु तळहात घेराच्या दिशेने एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागतो. विशेषतः आतली कड तपासा, कारण ती उभ्याने दिसत नाही. अशा टायरचा आवाज बेअरिंगच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी माणूसही गाडीत बसल्या बसल्या खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर उजवा उजवीकडेच आणि डावा डावीकडेच ठेवावा. आवाज पुढे सरकला तर तो टायरचा. जागच्या जागी राहिला तर बेअरिंगचा किंवा ब्रेकचा. चार टायर विकत घेण्याआधी ही अदलाबदल करायला कोणत्याही टायरवाल्याला अर्धा तास पुरतो.

शेवटी चाक उचलून पाहायचे. गाडी सपाट जागी उभी करून पहिला गिअर टाका म्हणजे पुढची चाके धरून राहतील, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागचे चाक जॅकने उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, आणि मगच हँडब्रेक सोडा. चाकाला वर आणि खाली हात लावून आलटून पालटून ढकला आणि ओढा. तिथे जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग गेले आहे किंवा हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) नट सैल आहे. खेळ नसला तरी बेअरिंग निर्दोष ठरत नाही, कारण गोट्यांच्या मार्गावर खरवड सुरू झाल्यापासून खेळ येईपर्यंत बराच काळ जातो. म्हणून एका हाताने चाक फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. कानांना ऐकू न येणारी थरथर बोटांना स्प्रिंगमधून जाणवते. दोन्ही बाजू लागोपाठ तपासा, कारण तुलनेसाठी दुसरी बाजू हाच तुमचा मापदंड आहे. ड्रमच्या आत लायनर (ब्रेकचे घर्षणपट्टे) किंचित घासत असतील तर 'सर्र सर्र' असा आवाज येईल, त्याला बेअरिंग समजू नका. तो प्रत्येक फेरीत ठरावीक जागी येतो.

'टक' या आवाजाचा घरघरीशी संबंध असेलच असे मी धरून चालणार नाही. आधी डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना बाहेर काढा आणि मग तेच वळण घ्या. तरीही आवाज राहिला तर सीएनजी टाकीची पकड पाहा. साठ लिटर पाणीक्षमतेची पोलादी टाकी पन्नास-साठ किलोची असते आणि तिचा पट्टा किंवा ब्रॅकेट थोडे जरी सैल असले तरी गाडी तिरकी होताना ती सरकते. मात्र तिथले बोल्ट स्वतः कसू नका.

यंत्रवेध:

उद्यमनगरी यांनी सांगितलेला क्रम योग्यच आहे. वळणाच्या दिशेवरून बाजू कशी ओळखायची आणि त्या अनुमानाची मर्यादा कुठे आहे, एवढे जरा विस्ताराने लिहितो, कारण 'उजव्या वळणावर आवाज, म्हणजे डावे बेअरिंग' हे वाक्य गॅरेजमध्ये नियमासारखे वापरले जाते.

त्यामागचे कारण खरे आहे. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने जात आहे. तेव्हा गाडीवर आडव्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार-दशांश एवढे त्वरण येते. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटर आणि दोन चाकांमधील अंतर साधारण १४५ सेंटिमीटर धरले, तर वळणाच्या बाहेरील बाजूच्या चाकांवर गाडीचे जवळपास दोन तृतीयांश वजन जाते आणि आतील बाजूला एक तृतीयांशच उरते. म्हणजे घाटातल्या साध्या वळणावरही बाहेरचे बेअरिंग आतल्याच्या दुप्पट भार वाहत असते. उजवीकडे वळताना बाहेरची बाजू डावी असते, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर जातो. तुमच्या वर्णनात डावीकडे वळताना आवाज जवळजवळ थांबतो असेही आहे, आणि डाव्या बेअरिंगवरचा भार नेमका तेव्हाच हलका होतो. ही जोडी महत्त्वाची आहे; केवळ एका दिशेला आवाज वाढण्यापेक्षा दुसऱ्या दिशेला तो कमी होणे हा अधिक बोलका पुरावा आहे.

परंतु हल्लीच्या अनेक हबमधील बेअरिंगमध्ये गोट्यांच्या दोन रांगा असतात. वळणावर टायरच्या तळाशी जो आडवा जोर लागतो तो बाहेरच्या चाकाला गाडीकडे ढकलतो आणि आतल्या चाकाला गाडीपासून दूर ओढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रांगेवर ताण येतो. खरवड गाडीकडच्या रांगेत असेल तर तेच चाक वळणाच्या आतल्या बाजूला असताना, म्हणजे वजन कमी असतानाही, आवाज वाढू शकतो. म्हणूनच दिशेचा नियम संशय घेण्यापुरता वापरावा, भाग बदलण्याचा निर्णय चाक हाताने फिरवून झाल्यावरच घ्यावा. त्यात एकसंध बीमच्या गाडीत डाव्या चाकाची थरथर बीममधून उजवीकडे आणि तिथून संपूर्ण पत्र्यात पोहोचते, त्यामुळे मागे बसलेल्या माणसालाही आवाजाची बाजू सांगताना चकवा बसतो.

करवतीसारखा झिजलेला टायरही वळणावर वजन वाढले की अधिक ओरडतो, हेही ध्यानात ठेवावे. दिशेची चाचणी बेअरिंग आणि टायर यांच्यात निवाडा करू शकत नाही. तो निवाडा टायरच्या अदलाबदलीनेच होतो.

आवाजाचे ठोके मोजणे ही आणखी एक सोपी चाचणी आहे. तुमच्या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर भरतो. ताशी १० किलोमीटरला चाक दोन सेकंदांत साधारण तीन फेऱ्या घेते, म्हणजे फेरीला एकदा येणारा आवाज कानांनी सहज मोजता येतो. टायरला आलेला फुगा, वाकडा झालेला ड्रम, ड्रमला घासणारी मागच्या पत्र्याची कड, नक्षीत रुतलेला खडा, हे सगळे फेरीला एकेक ठोका देतात. बेअरिंगच्या मार्गावरील एकाच खड्ड्यावरून मात्र प्रत्येक फेरीत अनेक गोट्या जातात, म्हणून त्याचे ठोके सुटे ऐकू न येता सलग घरघर ऐकू येते. ताशी १० ला जर तुम्हाला ठोके मोजता आले, तर बेअरिंग सोडून आधी टायर आणि ब्रेक पाहा. टायरला फुगा दिसला तर मात्र त्या टायरवर पुढे एक किलोमीटरही जाऊ नका, स्टेपनी लावा.

माणदेशी:

या चर्चेचा उपयोग मागच्या चाकांना जोर जाणाऱ्या गाड्या वापरणाऱ्यांनाही होईल, म्हणून थोडी भर घालतो. आमच्या भागात अशा जीप प्रकारच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांत वळणावरच्या आवाजाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो, कारण दोन मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, असते.

सरळ जाताना डिफरन्शियलच्या आतील छोटे दातेरी गिअर स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. संपूर्ण पिंजरा एकत्र फिरतो. वळण सुरू झाले की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि तेव्हाच हे गिअर एकमेकांवर फिरू लागतात. म्हणून आवाज फक्त वळणावर येत असेल आणि सरळ रस्त्यावर पूर्ण शांतता असेल, तर हे छोटे गिअर, त्यांची पिन आणि त्यांच्या पाठीमागचे वॉशर यांवर संशय घ्यावा. उलट सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबताना एक आवाज आणि सोडताना वेगळा आवाज येत असेल, तर क्राऊन-पिनियनचे (इंजिनाचा जोर डिफरन्शियलमध्ये आणणाऱ्या गिअरच्या जोडीचे) दात किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे. प्रथम डिफरन्शियलच्या ऑइलची पातळी तपासावी आणि ऑइल काढून त्यात धातूचे कण चमकतात का ते उजेडात बघावे. बारीक करडा लेप सामान्य समजला जातो, पण बोटांना टोचणारे तुकडे आढळले तर गाडी पुढे चालवू नये.

चारही चाकांना जोर देण्याची सोय असलेल्या, परंतु मधले डिफरन्शियल नसलेल्या गाडीत ती सोय कोरड्या डांबरावर चालू ठेवली, तर घट्ट वळणावर गाडी अडल्यासारखी होते, टायर घासतात आणि मागून-पुढून ठोके बसतात. तो बिघाड नाही, वापराची चूक आहे. ती सोय चिखल, वाळू आणि सैल खडीसाठी आहे.

पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या गाडीत वळणावर 'करकर' येत असेल तर पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश आधी पाहावेत. पाण्याची फवारणी केल्यावर आवाज काही वेळापुरता थांबला, तर तो रबराचाच समजावा. त्यावर ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोपडू नये, त्याने रबर फुगते आणि लवकर फाटते.

घाटकरी यांच्या गाडीत मागच्या चाकांना जोर जात नसल्यामुळे यातले डिफरन्शियलचे काहीच लागू नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. मागच्या बाजूला ड्राइव्ह शाफ्टही (चाकांना जोर पोहोचवणारे दांडे) नाहीत, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारी सीव्ही जॉइंटची (त्या दांड्यांच्या टोकाच्या सांध्याची) 'कट-कट-कट' त्यांना ऐकू आली तर ती पुढूनच येत असणार, कानांना ती मागून वाटली तरीही.

घाटकरी:

आपण तिघांनीही इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच गेलो. काय आढळले ते लिहितो.

चाकांचे नट घट्ट होते. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा उतरत गेला. महामार्गाच्या काँक्रीट पट्ट्यावर एकूण गोंगाट वाढला, परंतु मागे बसलेल्या माझ्या भावाच्या मते त्यात दोन आवाज मिसळलेले होते: एक पृष्ठभागाबरोबर बदलणारा आणि एक न बदलणारा. हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते, पण टायर तपासल्यावर खुलासा झाला. मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेच्या गट्टूंवर हात फिरवला तेव्हा एका दिशेने काहीच जाणवले नाही, उलट फिरवल्यावर प्रत्येक गट्टूची कड बोटांना अडत होती. टायरवाल्याकडे जाऊन पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल केली. त्यानंतर सरळ रस्त्यावरचा मंद आवाज पुढच्या बाजूला गेला, पण उजव्या वळणावरची घरघर मागेच राहिली.

मग चाके उचलली. दोन्ही चाकांत वर-खाली खेळ नव्हता. उजवे चाक फिरवताना स्प्रिंगवर ठेवलेल्या बोटांना काही जाणवले नाही. डावे चाक फिरवताना मात्र जात्यात बारीक वाळू भरडली जावी तशी थरथर सतत येत होती, आणि ती फेरीतल्या एखाद्या जागी न येता पूर्ण फेरीभर होती. कानांना मात्र ती जेमतेमच ऐकू येत होती.

'टक' आवाजाचेही कारण मिळाले. डिकी रिकामी करूनही तो आला, म्हणून सीएनजीचे काम करणाऱ्या अधिकृत केंद्रात गाडी नेली. टाकीच्या पट्ट्याखालची रबरी पट्टी एका बाजूने सरकून निघाली होती आणि टाकी तेवढ्या फटीत हलत होती. त्यांनी नवी पट्टी घालून पट्टा कसला, गळती तपासली आणि तेव्हापासून तो आवाज आलेला नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. गॅरेजचे म्हणणे आहे की बेअरिंग नेहमी जोडीनेच बदलायचे असते. हे खरे आहे का? आणि मागच्या टायरची आतली कडच का झिजली असावी? बेअरिंग नवे घातल्यावर ते टायर पुन्हा मागे टाकले तर चालेल का?

यंत्रवेध:

डाव्या चाकाची थरथर, उजव्या वळणावर वाढणारा आवाज आणि टायरची अदलाबदल केल्यावरही तो मागेच राहणे, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात, त्यामुळे डावे बेअरिंग बदलायला आता पुरेसा आधार आहे. जोडीने बदलण्याचा आग्रह शॉकअप, स्प्रिंग आणि ब्रेक लायनर यांच्या बाबतीत योग्य आहे, कारण तिथे दोन बाजूंत फरक पडला तर गाडी ब्रेक लावताना किंवा वळताना एका बाजूला ओढते. बेअरिंगचे तसे नाही. उजवे बेअरिंग शांत आणि घट्ट असेल तर ते राहू द्यावे. डावे खोलल्यावर आत पाणी किंवा गंज आढळला तर उजव्या बाजूचे सील तेवढे बाहेरून तपासून घ्यावे, कारण पावसाळ्यातले साचलेले पाणी दोन्ही चाकांनी सारखेच ओलांडलेले असते.

टायरची आतली कड झिजण्यामागे मागच्या चाकांचा कोन बिघडणे, हवेचा दाब चुकीचा असणे किंवा शॉकअप मंदावणे यांपैकी काहीही असू शकते. डिकीतील टाकीचे कायमचे वजनही त्यात भर घालते. बीमच्या बहुतेक गाड्यांत मागचा कोन पुढच्यासारखा कमी-जास्त करण्याची सोय नसते, पण अलाइनमेंटच्या यंत्रावर तो मोजता नक्की येतो. छापील नोंद मागून घ्या. दोन्ही बाजूंचे आकडे मर्यादेत असतील तर फक्त दाब आणि शॉकअपकडे पाहा. एकाच बाजूचा आकडा बाहेर गेला असेल, तर बीम किंवा त्यावरचा स्टब (चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा) वाकला आहे का हे तपासावे लागेल आणि ते काम बेअरिंग बसवताना, हब उघडलेले असतानाच सोपे पडते. म्हणून अलाइनमेंटची मोजणी आधी करा.

उद्यमनगरी:

टायरविषयी माझे मत असे की ते आता पुढेच राहू द्यावेत. पुढच्या चाकांवर जोर आणि वजन दोन्ही असल्यामुळे गट्टूंच्या उंच कडा हळूहळू सारख्या झिजतात आणि पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये आवाज बराच कमी होतो. अट एवढीच की नक्षीची खोली पुरेशी असावी. खाचांच्या तळाशी असलेल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या जवळ नक्षी आली असेल तर पावसाळ्याची वाट न पाहता ते दोन टायर बदलावेत. यापुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला अदलाबदल करत जा.

बेअरिंग बसवताना स्वतः समोर उभे राहा, कारण नवे बेअरिंग बसवतानाच खराब होण्याचे प्रमाण कमी नाही. तुमच्या गाडीत ते ड्रममध्ये प्रेसने बसवलेले आहे की चार बोल्टांवरचे अखंड हब आहे, हे आधी विचारून घ्या. अखंड हब असेल तर प्रेसचा प्रश्न येत नाही. ड्रममध्ये बसणारे असेल तर ते हातोडीने ठोकून बसवू देऊ नका. प्रेसचा जोर ड्रममध्ये घट्ट बसणाऱ्या बाहेरच्या रिंगवरच आला पाहिजे. तो आतल्या रिंगवर आला तर सगळा दाब गोट्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घरघरू लागते. काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली नाही तर आवाज जाईल, पण एबीएसचा दिवा लागून राहील. ही पट्टी लोखंडी हत्यारांपासून आणि चुंबकापासून दूर ठेवावी.

स्टबवरचा मोठा नट नवाच घालायचा असतो, जुना पुन्हा वापरायचा नाही, आणि तो शेवटी हवेच्या गनने न कसता टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत कसायचा. दोन रांगांच्या या बेअरिंगची आतली पकड त्या नटावरच ठरते, म्हणून नट पूर्ण कसण्यापूर्वी त्या चाकावर गाडीचे वजन टेकवू देऊ नका. ड्रम उघडलेला असताना लायनरची जाडी आणि व्हील सिलिंडरभोवती ओल आहे का तेही पाहून घ्या. काम झाल्यावर चाक खाली टेकवण्याआधी पुन्हा एकदा स्प्रिंगवर बोटे ठेवून ते फिरवा. त्यानंतर अलाइनमेंटचे आकडे आणि जुन्या बेअरिंगच्या गोट्यांच्या मार्गाचे छायाचित्र इथे टाकलेत तर ते पाण्याने गंजले की खड्ड्यात आदळून दबले, हे बघून सांगता येईल.